नाव झाकावे, कारण झाकू नये



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, वैद्यकीय संशोधनाला पैसा कुणाच्या मताने मिळतो आणि ते मत गुप्त का ठेवतात, यावर बोलू. ते जरा थांबले आणि म्हणाले, "सर, पण तुम्ही तत्त्वज्ञानाचे ना?" खरे आहे. आम्ही डॉक्टर नाही, प्रयोगशाळेतले नाही. आमची डॉक्टरकी औषध लिहून देण्याची नव्हे. पण २००० साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, माणसांवरच्या संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. नैतिकता समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा, समाजशास्त्र जाणणारा, तत्त्वज्ञान किंवा नीतिशास्त्र जाणणारा आणि एक सामान्य नागरिक असावा, असे त्यात सुचवले होते. मग आमच्यासारख्यांचीही आठवण होऊ लागली आणि घरी फायली यायला लागल्या. त्यातल्या एका फायलीची गोष्ट शेवटी सांगणार आहोत. खरे म्हणजे तीच सांगायला आलो आहोत. पण आधी थोडा इतिहास.

पद्धत काय असते, ते पाहू. एखाद्या डॉक्टरला काही शोधायचे आहे. तो अर्ज लिहितो: प्रश्न काय, तो कसा सोडवणार, किती वर्षे लागतील, पैसे किती. कार्यालय तो अर्ज त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवते. ते आपले मत बंद पाकिटात, आता बंद ईमेलमध्ये, कळवतात. मग समिती बसते आणि ठरवते. अर्जदाराला हे जाणकार कोण ते कळत नाही. याला 'पीअर रिव्ह्यू' म्हणतात. आपण समकक्षांचे परीक्षण म्हणू. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला तपासायचे, आणि तेही पडद्याआडून. पैसा बहुतेक वेळा तुमच्या-आमच्या कराचा असतो. म्हणून प्रश्न असा, की या पडद्यामागे नेमके काय काय असावे?

तुम्हाला वाटेल हा साहेबाच्या देशातून आलेला प्रकार. पण पुण्याला याची ओळख फार जुनी आहे. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जायची. दूरदूरच्या शास्त्री-पंडितांना ज्याच्या त्याच्या विद्येच्या मानाने द्यायची, असा मूळ हेतू. पेशवाई गेली, पण इंग्रजांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. रक्कम कमी केली आणि त्यातला पैसा पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. ही पाठशाळा १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झाली. पुढे १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीतला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातनी पुणे खवळले. पण सरकारने मागणी मानली आणि १८५१ च्या सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. लेखकाने हस्तलिखित पाठवायचे, कमिटीच्या सदस्यांनी वाचायचे आणि बक्षीस द्यायचे की नाही ते ठरवायचे. म्हणजे बघा, सार्वजनिक पैसा, जाणकारांची समिती, लेखी अर्ज आणि बंद दाराआड निर्णय, सगळे आले की!

या कमिटीकडे १८५५ साली एक नाटक आले. नाव 'तृतीय रत्न', लेखक जोतीराव फुले. एक जोशी एका कुणबी बाईला ती गरोदर असताना ग्रहांची भीती घालून कसे लुबाडतो, याचे ते नाटक. कमिटीने ते नाकारले. का नाकारले? भाषा कच्ची वाटली? नाटक म्हणून जमले नाही? की आशय बोचला? कमिटीचे अधिकृत कारण लोकांपुढे आले नाही. आपल्याला कारण कळते ते फुल्यांकडूनच, तेही १८ वर्षांनी, १८७३ च्या 'गुलामगिरी'त. कमिटीतल्या भट सदस्यांच्या आग्रहापुढे युरोपियन सदस्यांचे काही चालले नाही, असे त्यांनी तिथे नोंदवले आहे. ते नाटक छापून लोकांपुढे यायला शंभराहून अधिक वर्षे गेली. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या सामाजिक नाटकांपैकी एक, आणि दोन-तीन पिढ्यांना ते वाचायलाही मिळाले नाही.

इथे एक सावधगिरी घेऊ. कमिटीने कारण दिले असते तर नाटकाला बक्षीस मिळाले असते, असे आम्ही म्हणत नाही. बहुधा नसतेच मिळाले. पण कारण कागदावर आले असते तर फुल्यांना त्याच वर्षी त्याला उत्तर देता आले असते. पुण्यात वाद झाला असता. खोट्या कारणालासुद्धा हात घालता येतो. न दिलेल्या कारणाला मात्र धरायला काही नसते.

आता वैद्यकाकडे वळू. त्यासाठी पुण्याहून मुंबईला, परळला जावे लागेल. १८९६ ला प्लेग आला. पुण्याला प्लेग म्हटले की रँड आणि चाफेकर आठवतात. मुंबईला हाफकिन आठवतो. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्याची प्लेग प्रयोगशाळा आली. तिथून लाखो डोस बाहेर गेले. मग १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशी बसली. ठपका प्रयोगशाळेवर आला, म्हणजे हाफकिनवर. त्याचे पद गेले.

हा काही अनुदानाचा अर्ज नव्हता, पण जाणकारांनी जाणकाराचे केलेले परीक्षण होतेच. निकाल आधी लागला आणि कागद मागाहून बाहेर आले. कागद प्रसिद्ध झाले तेव्हा जगातल्या जंतुशास्त्रज्ञांना ते तपासता आले. बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष त्यांच्या नजरेत भरली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉससह दहा नामवंतांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनवरचा आरोप टिकत नाही असे सांगितले. तो त्या वर्षी भारतात परत आला, पण कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले १९२५ साली. चौकशी करणारे दुष्ट होते असे मानायची गरज नाही. त्यांचे तर्क जोवर बंद होते तोवर त्यातली चूक कुणालाच, अगदी त्यांनासुद्धा, दिसली नाही. एवढेच त्यातून घ्यायचे.

आणि योगायोग पाहा. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, म्हणजे देशभरच्या वैद्यकीय संशोधनाला पैसा वाटणारी संस्था, १९११ साली निघाली. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ ला कुठे भरली? त्याच परळच्या प्लेग प्रयोगशाळेत. हीच संस्था १९४९ मध्ये आयसीएमआर झाली. या परिषदेने रॉकफेलर फाउंडेशनच्या साथीने १९५२ मध्ये आपल्या पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आपल्या तोंडी 'एनआयव्ही'. कोविडच्या दिवसांत हे नाव घराघरात पोचले. तेव्हा कुणाच्या अर्जाला पैसा मिळतो हा प्रश्न परका नाही. तो सेनापती बापट रस्त्यावरून आणि आंबेडकर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाचा आहे.

ही पद्धत आजच्या रूपात घट्ट झाली ती अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४६ मध्ये युद्धकाळातली वैद्यकीय संशोधनाची कंत्राटे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याकडे आली आणि अर्ज तपासायला बाहेरच्या जाणकारांचे गट नेमले गेले. त्यांना 'स्टडी सेक्शन' म्हणतात. बैठक बंद दाराआड होते. पण आज तिथे दोन गोष्टी उघड असतात. गटात कोण कोण आहे, ती यादी जाहीर असते. आणि अर्जदाराला त्याच्या अर्जावरची टीका लेखी मिळते. कोणती टीका कुणी लिहिली, एवढेच झाकलेले असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरे उदाहरण स्वीडनचे. तिथे सरकारी कागद पाहायचा हक्क १७६६ पासून आहे, आपल्या थोरल्या माधवरावांच्या काळापासून म्हणा ना. ख्रिस्तिने वेन्नेरोस आणि अ‍ॅग्नेस वोल्ड या दोन संशोधक बाईंनी १९९५ च्या वैद्यकीय शिष्यवृत्त्यांवरचे परीक्षकांचे गुण मागितले. वैद्यकीय संशोधन परिषद नाही म्हणाली. त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. अर्ज ११४ होते, शिष्यवृत्त्या २०. अर्जदारांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया. निवड झाली चौघींची. आकडेमोड करून त्यांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये मांडले, की पुरुषाइतके गुण मिळवायला स्त्रीचे काम सुमारे अडीचपट असावे लागत होते. शिवाय परीक्षकांपैकी कुणाशी अर्जदाराचा पूर्वसंबंध असेल तर गुण वाढत होते. स्वीडन, स्त्री-पुरुष समानतेसाठी जगात वाखाणलेला देश! पाकिटे उघडली नसती तर त्या परीक्षकांना स्वतःलाही वाटत राहिले असते, की आपण फक्त गुणवत्ता बघतो.

मग सगळेच उघडे करावे का? नाही. आम्ही तसे म्हणत नाही. गोपनीयता हा एक शब्द आहे, पण तिच्या आत तीन वेगळी कुलपे आहेत. आपण त्यांचा एकच जुडगा करतो, घोटाळा तिथे होतो.

पहिले कुलूप अर्जदाराच्या कल्पनेवर. हे हवेच. पुण्याचेच उदाहरण घ्या. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्याला लंडनच्या वेलकम ट्रस्टची मदत होती. आपली बाळे वजनाला हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, हे 'थिन-फॅट' बाळाचे चित्र त्यातून जगापुढे आले आणि आपल्याकडे मधुमेह एवढा का, याचा एक धागा मिळाला. बाळांच्या मापांवरचा तो गाजलेला लेख २००३ चा. म्हणजे कामाची सुरुवात आणि लेख यांत दहा वर्षे. असल्या कामाची कल्पना त्याही आधी अर्जात उतरलेली असते, आणि अर्ज वाचणारा त्याच विषयातला, म्हणजे बऱ्याचदा प्रतिस्पर्धीच. त्याने ती बाहेर बोलू नये, स्वतः वापरू नये. हे कुलूप अर्जदाराचे रक्षण करते.

दुसरे कुलूप परीक्षकाच्या नावावर. हेही समजण्यासारखे आहे. आपले विद्येचे जग लहान. आज तुम्ही आमचा अर्ज तपासता, उद्या आम्ही तुमच्या मुलीचा प्रबंध तपासणार. परवा दोघे एकाच लग्नात एका पंगतीला. खरे मत लिहायला थोडा आडोसा लागतोच. विशेषतः तरुण परीक्षकाला मोठ्या नावाच्या अर्जाविरुद्ध लिहायचे असेल तर. हे कुलूप परीक्षकाचे रक्षण करते.

तिसरे कुलूप कारणांवर. हे कुणाचे रक्षण करते? अर्जदाराचे नाही, त्याला तर कारण हवेच आहे. नाव झाकलेले असेल तर परीक्षकाचेही नाही. रोग्याचे नाही, कर भरणाऱ्याचे नाही. हे कुलूप फक्त आळसाचे रक्षण करते. आणि कधीकधी त्याहून वाईट गोष्टीचे.

आमच्या शास्त्राकडे येतो. न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नुसती प्रतिज्ञा केली आणि हेतू दिला नाही तर ते अनुमानच नव्हे. "प्रस्ताव अनुदानास योग्य नाही" ही प्रतिज्ञा झाली. हेतू कुठे आहे? त्याच न्यायसूत्रांत २२ निग्रहस्थाने मोजली आहेत, म्हणजे वादात माणूस नेमका कुठे हरतो त्या जागा. हरणाऱ्याला बोट ठेवून दाखवायचे: बाबा रे, इथे तू हरलास. आपल्या पूर्वजांनी हरलेल्याला एवढा मान दिला. आणि आपण त्याला एका ओळीचे पत्र पाठवतो: खेद वाटतो, आपला अर्ज स्वीकारता येत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. एक, कारणे द्यायची म्हटले तर लोक भांडतील, कोर्टकज्जे होतील. पण हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयात वेगळ्या निमित्ताने होऊन गेला आहे. २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की माहितीच्या अधिकारात विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल. मात्र ती दाखवताना परीक्षकाची ओळख पटेल असा भाग झाकावा. तेव्हाही मंडळे म्हणत होती, व्यवस्था कोसळेल. परीक्षा अजून चालू आहेत. परीक्षेची उत्तरपत्रिका आणि संशोधनाचा अर्ज एक नव्हे, कबूल. पण नाव आणि कारण वेगळे करता येतात, एवढे त्यातून नक्की शिकता येते. जिथे हे आधीच पाळले जाते तिथे आमचे काही म्हणणे नाही. जिथे पाळले जात नाही तिथे अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. परीक्षक म्हणतात, आम्हाला याचे मानधन नाममात्र, वेळ नाही, त्यात पानभर कारणे कोण लिहिणार? खरे आहे. आम्हीही हेच म्हणत होतो. आणि आता ती फाईल.

वीस-एक वर्षे झाली. एका संस्थेच्या समितीवर आम्ही बाहेरचे सदस्य होतो. संस्थेचे नाव सांगत नाही. दोष तिचा नाही, आमचा आहे. छोट्या अनुदानांचे अर्ज होते आणि नैतिक बाजू आम्ही पाहायची होती. दिवाळीच्या आधी अकरा फायली घरी आल्या. त्यात एक अर्ज तालुक्याच्या गावच्या डॉक्टरांचा होता. क्षयाचे रोगी गोळ्या मधेच का सोडतात, हे त्यांना रोग्यांच्या घरी जाऊन, घरच्यांशी बोलून समजून घ्यायचे होते. रक्कम मामुली. विषय उत्तम. पण संमतिपत्र इंग्रजीत. ज्यांच्याकडून सही घ्यायची त्यातले निम्मे मराठीसुद्धा अडखळत वाचणार. आम्हाला ते खटकले, आणि खटकायलाच हवे होते. पण लिहिले काय? "नैतिकदृष्ट्या प्रस्ताव अपुरा वाटतो." बास. पुढची फाईल घेतली. घरी फराळाची गडबड होती.

समितीत तो अर्ज आला तेव्हा आमच्या ओळीवर कुणी प्रश्न केला नाही. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणतात, म्हणजे काहीतरी खोल असणार! अर्ज गेला. डॉक्टरांना एका वाक्याचे पत्र गेले.

चार-पाच वर्षांनी एका व्याख्यानानंतर एक गृहस्थ भेटले. त्याच तालुक्याचे. बोलता बोलता म्हणाले, "सर, मीपण एकदा संशोधनाचा प्रयत्न केला होता. नाही म्हणाले. का ते कळलंच नाही. मग म्हटलं, आपल्याला जमत नसेल, परत नाही केला." आम्ही विषय विचारला. त्यांनी सांगितला. आम्हाला सगळे आठवले. आणि आम्ही, अनेक वर्षे नीतिशास्त्र शिकवलेले आम्ही, गप्प राहिलो. त्यांना नमस्कार करून रिक्षात बसलो.

संमतिपत्र मराठीत करून घ्या, सोप्या भाषेत, वाचून दाखवा. एवढे लिहायला आम्हाला दोन मिनिटे लागली असती. त्यांना ते करायला एक संध्याकाळ. त्या गावांतल्या किती रोग्यांनी गोळ्या का सोडल्या, ते त्या वर्षी कुणी विचारले नाही. क्षयात गोळ्या मधेच सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या एका ओळीने कुणाचे काय झाले याचा हिशोब मांडता येणार नाही. मांडता येत नाही, हेच जास्त टोचते.

दक्षिणा कमिटीतल्या त्या सदस्यांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांचा हेतू वाईट होता असे फुले म्हणाले. आमचा हेतू वाईट नव्हता. पण त्या डॉक्टरांच्या हातात पडले ते पत्र फुल्यांच्या हातात पडलेल्या नकारासारखेच होते, कारणाशिवाय. ज्याला नकार मिळतो त्याला बंद पाकिटातून हेतू दिसत नाही. चांगला हेतू आणि वाईट हेतू तिथे सारखेच दिसतात. म्हणून चांगल्या हेतूच्या माणसानेच आधी म्हणावे, माझे नाव झाका, पण माझे कारण त्या माणसाला कळवा.

इथे कुणी अर्ज तपासणारे बसले असतील. असणारच, हे पुणे आहे. त्यांना एक विनंती. नकार लिहिताना एक वाक्य जास्त लिहा: काय केले असते तर मी हो म्हटले असते? त्या प्रश्नाला उत्तर सुचत नसेल तर फाईल पुन्हा उघडा. आणि ते डॉक्टर हे कुठे ऐकत असतील, तर त्यांना सांगायचे आहे, की ती ओळ आमची होती. तुमच्या प्रश्नात काही कमी नव्हते.